शिवेवरचा विडा

पानं पुसत होते मी. उन्हाळ्याची सकाळ होती. सडा घालून झाला होता, म्हशीची धार काढून झाली होती, चुलीवर तवा तापत होता. मी उंबऱ्याशी बसून ओल्या फडक्यानं नागवेलीची पानं एकेक पुसून परातीत उपडी मांडत होते. रोजचंच काम. हे न्हाणीत होते. तेवढ्यात बाळू शिपाई नदीकडून पळत आला आणि अंगणातूनच म्हणाला, "आक्का, उताराला मोटार आलीया. फौजदार हाय. संगं बंदुका हायत."

त्या सकाळीबद्दल बोलायला मी इथे उभी राहिले आहे.

श्रीमंत, तात्या, नवे कारभारी, आणि देवळात दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या सगळ्या आयाबहिणींनो, भावांनो. नुकत्याच सुतक फिटलेल्या बाईनं सभेत उभं राहायची आपल्याकडे रीत नाही. श्रीमंतांचा निरोप आला तेव्हा मी नाहीच म्हणाले होते. मग वाटलं, दुसरे बोलतील ते त्यांना फार मोठं करून बोलतील. ते मोठे नव्हते. आपलं हळदनूर जेवढं आहे तेवढेच ते होते. तेव्हा मीच सांगते. मध्येच थांबले तर थांबू द्या. ह्या गावाला थांबायची सवय आहे.

तुम्ही ह्यांना, तुमच्या जुन्या कारभाऱ्यांना, अण्णा म्हणायचात. मी नाव घेत नव्हते, आजही घेणार नाही.

आज बेळगावाहून, निपाणीहून, कागलकडून पाहुणे आलेत. त्यांच्यासाठी सांगते. आपलं संस्थान म्हणजे काय? मूठभर गावं, एक देऊळ, एक कचेरी, आणि गादीवर आपले श्रीमंत. वेदगंगेच्या पलीकडे निपाणी, ती इंग्रजी हद्द. मागे माळ, माळापलीकडे पुन्हा इंग्रजी हद्द. डोंगराच्या अंगाला तेवढा कोल्हापूरचा मुलूख. आपली तंबाखू निपाणीच्या वखारीत जाते. आपलं मीठ, आपलं रॉकेल तिथूनच येतं. आपल्या लेकी तिकडे दिलेल्या, त्यांच्या लेकी इकडे आणलेल्या. मीच मूळची येळ्ळूरची, इंग्रजी मुलखात जन्मलेली. आपल्याकडे फौज म्हणाल तर बाळू आणि त्याचे दोन सोबती. एकाकडे बंदूक होती, तिचा चाप माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून मोडलेला. बाळू, हसू नकोस. खोटं आहे का?

अशा राज्याला कारभारी कशाला लागतो? मी लग्न होऊन आले तेव्हा मला हेच कळत नव्हतं. तो सांभाळणार काय? पलीकडच्यांनी मनात आणलं तर आपली चूल दोन दिवसांत थंड.

जिथं नदी ओलांडतात त्या उतारावर, करंजाच्या झाडाखाली, आपल्या शिवेचा दगड आहे. फार जुना रिवाज होता, की परमुलखातला हत्यारी माणूस त्या दगडापाशी थांबणार, आत निरोप पाठवणार, कारभारी स्वतः जाऊन त्याच्या हातात विडा देणार आणि मग त्याला बरोबर घेऊन आत येणार. मी आले तेव्हा तो रिवाज मेल्यासारखाच होता. वर्षातून एकदा इंग्रजांचे मोठे साहेब यायचे, तेव्हा वाजंत्री लावून विडा व्हायचा. एरवी जो तो नदी उतरून सरळ आत.

ह्यांच्याकडे कारभार आला आणि ह्यांनी एक नवीनच सुरू केलं. पलीकडून कुणीही सरकारी माणूस आला की हे दगडावर जायचे. देवी टोचायला डॉक्टर आला, की विडा. गुरांचा डॉक्टर आला, की विडा. दारूच्या दुकानाची तपासणी करायला कुणी आला आणि त्याच्या पट्टेवाल्याच्या हातात साधी काठी असली, की तेही हत्यार, चला विडा घेऊन. उन्हातान्हात, चिखलातून. लोक हसायचे. तात्या, तुम्ही यांचे सख्खे चुलते, पण हसण्यात तुम्ही पुढे. ह्याच देवळाच्या पायरीवर बसून तुम्ही म्हणाला होता, "विडेकारभारी हाय आमचा. माळावरनं वाघ आला तर त्याला बी विडा घिऊन सामोरा जाईल, आणि वाघ म्हनंल, चुना कमी हाय." सगळी पायरी हसली होती. हेही हसले होते.

चुना कमी असायचा हे मात्र खरं. तो माझ्या सासूबाईंचा दंडक होता. घरच्या माणसाला हवा तसा चुना लावावा. शिवेवरच्या विड्याला कमी. परक्याच्या जिभेची आपल्याला काय कल्पना? तोंड पोळलेल्या माणसाशी बोलणी करायची म्हणजे अवघड. तर रोज सकाळी पानं पुसून ठेवायची, शिरा काढायच्या, कात, सुपारी, वेलची हाताशी ठेवायची, कारण कोण कधी येईल सांगता येत नाही. विडा बांधला की लवंग टोचायची, केळीच्या पानात गुंडाळायचा आणि वरून ओलं फडकं. इतकी वर्षं हे केलं मी. कधी कधी वैताग यायचा. लेकरू तापानं फणफणलंय आणि मी गुरांच्या डॉक्टरासाठी लवंग शोधतेय.

एकदा चिडून विचारलंच त्यांना. एवढं कशासाठी? ते जेवत होते. म्हणाले, "आपल्याकडं तोफ न्हाई. आपल्याकडं फकस्त सवय हाय. त्येंना हितं थांबायची सवय लागली पायजे. नको त्या दिवशी एकदम थांबा म्हटलं तर कोन थांबनार?"

मला तेव्हा पुरतं कळलं नाही. खरं सांगते.

आणि दुसरं काय करायचे? द्यायचे. पलीकडच्यांनी मागितलं की द्यायचे. दारूचा दर त्यांचा घेतला. नाक्याच्या वेळा त्यांच्या घेतल्या. साहेबाची मोटार अडकते म्हणून उतारावर फरशी घातली, ती आपल्या लोकांच्या घामानं. शाळेतला नकाशासुद्धा तिकडचा आला, त्यात हळदनूर दिसतच नव्हतं, मास्तरांनी पेन्सिलीनं टिंब काढलं. तुमच्यातले काही तेव्हा म्हणायचे, हा कारभारी वाकतोच आहे. ह्यांचा हिशेब एकच होता. ज्यात माणूस जात नाही ते सगळं देऊन टाकायचं. माणूस मागितला तर बसून बोलायचं.

मला वाचायला कुणी शिकवलं नाही. ह्या देवळात चातुर्मासात पोथी चालायची. ऐकून ऐकून ती पाठ झाली होती. मग दुपारी पोथी पुढ्यात घेऊन, पाठ असलेले शब्द बोटानं अक्षरांवर जुळवत गेले. असं करत करत वर्तमानपत्रापर्यंत आले. निपाणीहून पेपर एक दिवस शिळा यायचा. संध्याकाळी मी मोठ्यानं वाचायची आणि हे डोळे मिटून ऐकायचे. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा रोज एखाद्या लहान देशाचं नाव यायचं. मला ती नावं नीट म्हणता यायची नाहीत. शेजारच्या मोठ्या देशाचे रणगाडे सकाळी शिरले आणि संध्याकाळी देश संपला, असं असायचं. कुणी वाट दिली, कुणी दिली नाही, गेले दोघेही. मी एकदा पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, मग काय उपयोग तुमच्या विड्याचा? ते म्हणाले, "तितं शिवंवर कुनीतरी हुबं ऱ्हायलं असंल की. त्येचं नाव छापलं न्हाई, एवढंच."

आता त्या सकाळीकडे येते.

बेचाळीसनंतरचा उन्हाळा. बेळगावजवळच्या वडगावचा एक विणकर आपल्या कोष्ट्यांच्या आळीत येऊन राहिला होता. शंकर त्याचं नाव. तारा तोडल्या म्हणून त्याच्या नावानं पकडवॉरंट होतं. सापडला असता तर हिंडलग्याच्या तुरुंगात गेला असता, आणि त्या दिवसांत आत गेलेला माणूस कसा बाहेर येईल ह्याची खात्री नव्हती. तिकडे त्याची बायको होती, पाळण्यात मूल होतं. इकडे तो नातलगाच्या मागावर बसून गुमान लुगडी विणत होता. गावाला माहीत होतं. श्रीमंतांना माहीत होतं. ह्यांना तर माहीत होतंच. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

आणि त्या सकाळी उताराला मोटार आली.

बाळूचं बोलणं ऐकून हे न्हाणीतून बाहेर आले. घाई नाही. धोतर नेसले, कोट घातला, फेटा बांधला. मला म्हणाले, विडा दे. मी पान घेतलं. घाईघाईनं चुना लावला, सुपारी घातली, घडी घातली, पण लवंग काही बसेना. कशीबशी खुपसली आणि दिला. त्यांनी तो हातात घेऊन पाहिला आणि परत माझ्यापुढं ठेवला. "हा वाटंत सुटंल. दुसरा बांध."

नदीवर बंदुका. आळीत शंकर. आणि हे उंबऱ्यात उभे राहून दुसऱ्या विड्याची वाट पाहताहेत. मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता. पण मग दुसरं पान घेतलं, तेव्हा हातातली घाई गेली. का ते मला आजही सांगता येत नाही. तो विडा नीट बांधला गेला.

पुढचं मी पाहिलं नाही. बाळूनं पाहिलं, त्यानं सांगितलं तेच सांगते. चुकलं तर बाळू, मला थांबव.

मोटार फरशीवरून अलीकडे आली होती. आता अडायला काही नव्हतं, रस्ता सरळ गावात. पण मोटार दगडापाशी थांबली होती. फौजदार खाली उतरून करंजाच्या सावलीत उभा होता. त्याचे शिपाई पाय मोकळे करत होते. हा फौजदार काही नवा नव्हता. हवालदार होता तेव्हापासून देवीच्या डॉक्टरांबरोबर, दारूच्या तपासणीबरोबर कितीदा इथे येऊन गेलेला. प्रत्येक वेळी त्या झाडाखाली थांबलेला. प्रत्येक वेळी विडा खाल्लेला. त्या दिवशी त्याला कुणी थांबा म्हटलं नव्हतं. बंधूंनो, कुणी म्हटलं नव्हतं. तरी तो थांबला होता.

ह्यांनी विडा पुढे केला. तो म्हणाला, "आज इडा नको, अण्णा. आज मानूस पायजे."

तुमच्यातल्या कुणाला वाटत असेल, की ह्यांनी सांगितलं असेल, असा कुणी माणूस इथे नाही. नाही. ते म्हणाले, "मानूस हद्दीत हाय. मी तुमाला खोटं सांगनार न्हाई. पर त्यो मागायचा तर तुमच्या मोठ्या सायबांनी आमच्या श्रीमंतांकडं मागायचा. तुमी माज्याकडं न्हाई."

"आनि मी तसाच आत गेलो तर?"

"तर आडवनारं कोन हाय? ह्या बाळूची काठी बी घरीच ऱ्हायलीया. जावा. पर हितनं फुडं मग तुमी बी कदी हितं थांबनार न्हाई, आनि दुसरा बी कुनी थांबनार न्हाई. आमची शीव आजपातूर हाय, आन् उद्या न्हाई. तेवढं तुमच्या हातात हाय."

असं म्हणून हात तसाच पुढे. हातात विडा.

बाळू म्हणतो, फौजदारानं गावाकडे पाहिलं, मोटारीकडे पाहिलं. त्यानं पायानं एक खडा उगाच इकडचा तिकडे केला. मग विडा घेतला, लवंग काढून खिशात टाकली आणि तोंडात घातला. चावता चावता म्हणाला, "चुना कमी हाय. वहिनींचा हात बदलला न्हाई." आणि मोटार वळवून गेला.

तात्या, तो तुमचा वाघ होता.

मागणीचा कागद वरून खाली आणि खालून वर फिरेपर्यंत जे दिवस मिळाले, त्यात शंकर डोंगराकडून कोल्हापूरच्या मुलखात गेला. ह्यांनी त्याला जा म्हटलं नाही आणि राहा म्हटलं नाही. डोंगराकडच्या वाटेवर आपला शिपाई नसतो, एवढंच बोलले. भाकरी मी बांधून दिली.

गोष्ट इथे संपली असती तर मी आज अभिमानानं खाली बसले असते. पण ती इथे संपली नाही, आणि पुढचं तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे, कारण पुढचं तुम्हीच भोगलंत.

पलीकडच्यांनी आपल्यावर बंदूक धरली नाही. त्यांनी उतारावर नाका बसवला आणि तंबाखूच्या गाड्या थांबवल्या. तपासणी चालू आहे म्हणाले. ती संपेचना. नदीच्या अलीकडे गाड्यांची रांग, बैलांना दावणीला वैरण नाही, आणि वर वळवाचे ढग. एक सर आली असती तर वर्षाचं पीक काळं पडलं असतं. थांबायचं आपण त्यांना शिकवलं होतं. आता ते आपल्याला थांबवत होते. त्या दिवसांत तुमच्यातल्या काहींनी आमच्या दारावरून जाताना शिव्या दिल्या. मी ऐकल्या. मला राग नाही. एका विणकरासाठी सगळ्या गावाच्या पोटावर पाय, असं तुम्ही म्हणत होता. तुमच्या जागी मी असते तर मीही म्हणाले असते.

मग मोठ्या साहेबांचा माणूस श्रीमंतांकडे आला. संस्थानाचे फौजदारी अधिकार काढून घेऊ म्हणाला. म्हणजे ह्यापुढे दगड नाही, विडा नाही, पलीकडचे शिपाई हव्या त्या दारात. श्रीमंत, तुम्ही ह्यांना बोलावून विचारलंत, आता काय करायचं? ह्यांनी काय सांगितलं ते तुम्ही कुणाला कधी सांगितलं नाहीत. पण त्यांनी घरी येऊन मला सांगितलं होतं. आज तुमच्या परवानगीनं मी ते चारचौघांत सांगते. ते म्हणाले होते, त्यांना मोकळ्या हातानं परत पाठवू नका. एवढं मोठं राज्य, एवढ्याशा गावातून मोकळ्या हातानं गेलं, तर त्याला लाज वाटणार, आणि ती लाज ते आपल्यावर काढणार. त्यांना काहीतरी द्या. कारभाऱ्यानं आगळीक केली म्हणा, त्याला काढला म्हणा, हद्दीबाहेर घातला म्हणा. मला द्या.

श्रीमंत, तुम्ही तेव्हा रडला होता असं हे म्हणाले. आता नका रडू. तुम्ही बरोबर केलंत.

मी मात्र घरी भांडले. म्हणाले, माणूस द्यायचा नाही असं तुम्हीच म्हणत होता ना जन्मभर?

ते म्हणाले, "दुसऱ्याचा द्यायचा न्हाई गं. आपला चालतोय."

चार दिवसांनी तंबाखूच्या गाड्या सुटल्या. गाड्या उतरून गेल्या आणि त्यांच्या मागे आमची गाडी उतरली. तुम्ही दारात उभे होता. गाडीवानानं दगडापाशी आल्यावर बैलांचे कासरे ओढले, का कुणास ठाऊक. मग पुन्हा हाकलली.

निपाणीत आम्हाला वखारीमागे खोली मिळाली. तंबाखूच्या खकाण्यानं पहिले काही महिने आम्ही दोघं एकमेकांशी शिंकांतूनच बोलायचो. हे पोरांच्या शिकवण्या घ्यायचे. संध्याकाळी नदीपर्यंत चालत जायचे, पलीकडे बघायचे आणि परत यायचे. मी सोबत गेले की सांगायचे, कोष्ट्यांच्या आळीत दिवे लागले. किंवा सांगायचे, आज कचेरीत उशिरापर्यंत माणसं दिसतात. तक्रार म्हणून कधी एक शब्द नाही. पण पानं पुसायला मी घेतली की म्हणायचे, आता कोण येणार आहे? मी पुसायची. सवय.

ह्या साली इंग्रज गेले आणि त्यांच्यासाठी काढलेला हद्दपारीचा हुकूमही गेला. श्रीमंतांचा निरोप आला, या. तुम्ही वाजंत्री लावली होती, गुढ्या उभारल्या होत्या. पावसानं फरशी पाण्याखाली होती, आम्ही होडीनं नदी उतरलो. तुम्हाला वाटलं अण्णा आता सरळ चालत येणार. ते दगडापाशी थांबले.

आठवतंय ना सगळ्यांना? वाजंत्री वाजतेय, हे थांबलेत. तुम्ही हाका मारताय, या की अण्णा. हे तसेच उभे. शेवटी तात्याच ओरडले, "आरं हातात छत्री हाय तुज्या. त्येला बी हत्यार समजतोस व्हय?" ह्यांनी छत्री खाली ठेवली, तरी जागचे हलले नाहीत. म्हणाले, "मी पलीकडल्या हद्दीतनं आलोय. कारभारी कुठं हाय?"

नवे कारभारी, तुम्ही पुढे आलात. बेळगावाहून वकिली शिकून नुकतेच रुजू झालेले. तुमच्या हातात हार होता, विडा नव्हता. तुम्हाला तरी कुणी सांगितलं होतं? मग गर्दीतल्या पानवाल्याकडून कुणीतरी धावत जाऊन विडा आणला. पानवाल्यानं अण्णांसाठी म्हणून प्रेमानं सढळ हातानं चुना लावला होता. ह्यांचं तोंड असं पोळलं की डोळ्यांतून घळाघळा पाणी. लोकांना वाटलं भरून आलं. मला ठाऊक होतं काय झालंय. पण सगळा विडा खाल्ला त्यांनी, आणि मग शीव ओलांडली.

त्या दुपारी तुम्ही त्यांना विचारलंत, की आता आपलंच राज्य येणार, आपलेच अधिकारी येणार, मग कुणाला शिवेवर थांबवायचं? मी तिथेच जेवायला वाढत होते. ते म्हणाले, "आपला सख्खा भाऊ घरला आला तरी पायावर पानी घ्यायला दारात थांबतोयच की. म्हनून त्यो परका हुतोय का? हळदनूर उद्या मोठ्या राज्यात मिसळंल. मिसळू दे. मिसळायलाच पायजे. पर बोलाया येतील, तवा त्येंना दगडापाशी थांबवा, इडा द्या आन् मग आत आना. लहान गाव म्हनून कुनी इचारल्याबिगार आत आलं, अशी सुरवात नको."

पाणी ओसरल्यावर सामान आणायला म्हणून आम्ही निपाणीला परत गेलो. तिथेच त्यांना ताप भरला. छातीत कफ होता, तो सुटला नाही. शेवटच्या दिवशी पाणी मागितलं, दिलं.

त्यांना तुम्ही खांद्यावर घेऊन नदी उतरलात. मी मागून बैलगाडीत होते. प्रेताला वाटेत एकदा विसावा देतात. तो कुठे द्यायचा हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि तुम्ही एकमेकांना विचारलं नाही. खांदेकऱ्यांनी त्यांना करंजाखाली, दगडापाशी खाली ठेवलं. श्रीमंत अनवाणी तिथवर आले होते. शंकर वडगावाहून मिळेल त्या गाडीनं रात्रभर प्रवास करून आला होता. तो आता त्या खांबाशी बसला आहे. शंकर, मान वर कर. तू कुणाचं काही देणं लागत नाहीस. तुझा माग चालू राहू दे, तेवढं पुरे.

माझं बोलणं संपत आलं. आता शेवटचं सांगते. ते सांगून झालं की आपण सगळे उभे राहू आणि कुणी काही बोलणार नाही. तुम्हाला वाटेल तितका वेळ. घंटा वाजवू नका, जयजयकार नको. गप्प उभं राहणं त्यांना आवडलं असतं. त्यांना माझा नमस्कार तेवढ्यात पोचेल.

दहन झालं त्याच संध्याकाळी निरोप आला, की विलीनीकरणाचं बोलायला नव्या सरकारचे अधिकारी उद्या येताहेत, बरोबर पोलीस आहेत. त्यांची मोटार दगडापाशी थांबली, हे तुम्ही पाहिलंत. नवे कारभारी पुढे गेले आणि त्यांनी विडा दिला, हेही पाहिलंत. मी ते पाहिलं नाही. मला सुतक होतं, मी घरातच होते.

मोटार यायच्या आधी, त्या सकाळी मी सडा घातला. नव्या कारभाऱ्यांची बायको पानांची परात घेऊन आली आणि अंगणातच लांब बसली. मी उंबऱ्याच्या आत बसले. पानाला मी हात लावला नाही. तिला सांगत गेले, की शीर अशी काढ, चुना कमी लाव, घडी अशी घाल. तिचा पहिला विडा सुटला. मी म्हणाले, घाई करू नकोस, दुसरा बांध.